नमुना क्रमांक सात

शारजात ऑगस्टमध्ये गार पाण्याचा नळ उघडू नये.
गच्चीवरच्या टाकीत दिवसभर शिजलेलं पाणी येतं त्यातून.
जुनी माणसं गीझर बंद ठेवतात
आणि गरम नळाखाली आंघोळ करतात.
हे मला आठवड्याभरात समजलं.

बाकी समजत होतं ते वहीत होतं:
केसाहून बारीक पोकळ धाग्यांची गाळणी,
जंतू मारणारा जांभळा दिवा,
हातपंप, मिनिटाला एक लिटर,
वजन नऊशे चाळीस ग्रॅम, झाकण धरून.
झाकणावर तीन आठवडे गेले.

इंडस्ट्रियल एरिया तेरा. खाली मोइदीनचं टायरचं दुकान,
वर आम्ही.
पहिला नमुना गळला.
दुसरा गळेना, पण पाणीही सोडेना.
तिसऱ्याबद्दल आम्ही बोलत नाही.
सातव्याला मी रंग दिले: हिरवा लागला की प्या,
लाल लागला तर थांबा.
लहान मुलालाही कळेल, असं मीटिंगमध्ये म्हणाले होते.

खाडीवर लाकडी गलबतं माल भरत होती,
गाद्या, बिस्किटं, जुने फ्रिज, बोसासोला जायला.
दाऊद परकार, गलबतावरचा भंडारी, मूळ दाभोळचा,
बारा बंदरांचं पाणी प्यालेला माणूस
(इथे म्हण नाही, हिशेब आहे).
"एक खारं, एक मातकट.
एका बंदराचं नाव नाय घेत,
तिथं तीन खलाशी आडवे झाले,
पेज शिजवून माझे हात दुखले."

निळं पिंप. तोंडाला फडकं.
त्याने पंप हातात घेतला तेव्हा दिसलं,
उजवा अंगठा अर्धाच आहे. उरलेला दोरखंडाने नेला.
माझा दांडा पाच बोटांसाठी होता.
तळहाताच्या टाचेने त्याने तो दाबला, घसरला, पुन्हा दाबला.
पाणी आलं.

"दिवा बघा," मी म्हटलं.
"कुठं हाय?"
दुपारचे साडेबारा. डेकवर ऊन असं
की लाल काय, हिरवा काय.
मी ओंजळ धरली, त्याने टोपी धरली,
तांडेल येऊन पाठमोरा उभा राहिला,
तेव्हा एवढासा हिरवा ठिपका दिसला.
"दर्यात एवढी सावली कुठनं आणू, बाय?"

मग त्याने पेला भरला, नाकाशी नेला,
आणि माझ्यापुढे धरला.
"आदी तू पी."

चारशे बारा नमुने तपासले होते मी.
बशीतल्या जंतूंच्या वसाहती मोजल्या,
गढूळपणाचे आलेख काढले,
आणि बाजूला, हाताशी,
दुकानातली सीलबंद बाटली.
आपल्याच यंत्राचा एक घोट, सांगते, एकही नाही.
त्याने माझं पाणी बरोबर जोखलं.

प्याले. कोमट.
नव्या प्लास्टिकची चव, दोरखंडाची,
आणि लांबून, फार लांबून, डिझेलची.
मग तो प्याला. तांडेल प्याला.
उरलेलं किटलीत ओतून त्याने स्टोव्ह पेटवला.
"रागवू नको, उकळायची सवय हाय."
सुलेमानी छान झाली होती.

रात्री वहीत: दिवा रद्द. आवाज द्या.
दांडा अंगठ्याशिवाय चालला पाहिजे.
कोळसा वाढवा.
आमच्या तक्त्यात चवीचा रकाना नव्हता,
पट्टी घेऊन आखला.

आठवा टक् टक् करतो. पाणी नीट नसेल तोवर.
परवा मोइदीनने जिन्यातून विचारलं,
"ऊपर छिपकली है क्या?"
आहे. शंकेची पाल पाळली आहे आम्ही,
चुकचुकते तोवर पिऊ नये.

पण गप्प झाली
तर पाणी निवळलं म्हणून,
की सेल संपला म्हणून?

हे भर समुद्रात दाऊदला कसं कळणार,
त्यावर सध्या अडले आहे.